चौथा पाय

मुलुंड पूर्वेला टिपणिसांच्या हॉलमध्ये जे शोकेस आहे, त्याच्या वरच्या खणात मिहिरची शाळेतली बक्षिसं आहेत, मधल्या खणात कधीही न वापरलेला टी-सेट आहे आणि सगळ्यात खालच्या खणात एक प्राणी आहे. प्राणी ब्राँझचा आहे. लांबीला हातभर, पोट सुटलेलं, पाय आखूड, कान लांब, आणि चेहऱ्यावर भाव असा, की याला सोसायटीच्या वार्षिक सभेला आणून बसवलंय आणि अध्यक्षांचं प्रास्ताविक अजून संपायचंय. हा प्राणी कोणता, याबद्दल घरात एकमत नव्हतं. नीलाताई त्याला घोडा म्हणत. त्यांचे यजमान अण्णा त्याला काहीच म्हणत नसत.

प्राणी नेहमी तिरका उभा असे, पुढचा उजवा पाय भिंतीकडे करून. कामवाल्या बाई पुसताना त्याला सरळ ठेवायच्या आणि त्या गेल्या की अण्णा उठून परत तिरका करायचे. कारण त्या पायावर, भांड्यांच्या दुकानात वाट्याताटांवर नावं घालतात त्याच मशीनने, बारीक टिंबांच्या अक्षरांत कोरलं होतं : ‘श्री. व सौ. टिपणीस यांजकडून सप्रेम भेट’. घरातल्या वस्तूवर घरच्यांचं नाव असायला कुणाची हरकत नसते. पण आपल्याच शोकेसमधली वस्तू आपल्याकडूनच सप्रेम भेट आलेली आहे, हे पाहुण्यांना समजावून सांगताना चहा गार होतो.

प्रकार असा झाला होता. अण्णा घाटकोपरच्या एका शाळेत भूगोल शिकवत आणि शिवदास खरात चित्रकला. मधल्या सुट्टीत दोघं नकाशांच्या कपाटाशेजारी बसून एकमेकांच्या डब्यात जेवत. खरात रविवारी कुर्ल्याला जायचे. तिथे नळाच्या तोट्या ओतणारा एक ओळखीचा कारखानदार होता. तोट्या ओतून उरलेल्या धातूत तो खरातांना हवं ते ओतू द्यायचा. खरात बकऱ्या ओतायचे, कुत्री ओतायचे, एकदा एक घूस ओतली होती. शाळेत याला कुणी कला म्हणत नसे. ‘खरातांचा रविवार’ म्हणत.

मग शाळेत उपमुख्याध्यापकाची जागा रिकामी झाली. खरात अण्णांपेक्षा सीनियर होते. पण चित्रकलेचा शिक्षक उपमुख्याध्यापक झाल्याचं कुणी ऐकलं नव्हतं, त्यामुळे त्यांना कुणी विचारलं नाही, आणि कुणी विचारत नाहीये हे अण्णांनी कुणाच्या लक्षात आणून दिलं नाही. जागा अण्णांना मिळाली. त्याच सुमारास मुलुंडचा ब्लॉकही ताब्यात आला. वास्तुशांतीला खरात गोणपाटात गुंडाळलेलं जड काहीतरी खांद्यावर घेऊन आले, ‘घरी उघडा’ म्हणाले, जेवले आणि गेले. घर तेच असल्यामुळे अण्णांनी पाहुणे पांगल्यावर गोणपाट सोडलं. आत गाढव होतं.

नीलाताई म्हणाल्या, घोडा आहे. अण्णा म्हणाले, कान बघ. नीलाताई म्हणाल्या, कानांचं काय, तुमच्या भावाचेही आहेत. पण अण्णांचा निकाल झाला होता. बढतीच्या महिन्यात भर वास्तुशांतीला गाढव देणं, यात भूगोलाच्या माणसालाही कळेल इतका स्पष्ट टोमणा होता. खरातांना जे बोलायचं होतं ते त्यांनी ब्राँझमध्ये बोलून घेतलं होतं. अण्णांनी त्यांना कधी विचारलं नाही, कारण विचारायचं तर बढतीचा विषय निघाला असता. खरातही काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी नेहमीसारखे डबा घेऊन नकाशांच्या कपाटाशी येऊन बसले. याला अण्णा लबाडीची कमाल समजले.

महिन्याभरात घाटकोपरला डॉ. अंबादास मुळे यांच्या दातांच्या दवाखान्याचं उद्घाटन निघालं. अण्णांनी गाढवाच्या पुढच्या उजव्या पायावर नाव घालून घेतलं आणि ते तिकडे पोचतं केलं. नाव घातल्याशिवाय भेट द्यायची पद्धत नव्हती. नाही तर कुणी काय दिलं हे कळणार कसं, आणि पुढे त्याची परतफेड किती करायची हेही.

गाढव दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत बरीच वर्षं उभं राहिलं. वाट बघणारी पोरं त्यावर बसत. एकाने बसल्या बसल्या डाव्या कानाचं टोक मोडलं. मुळ्यांनी एका दुपारी पेशंट नव्हते तेव्हा त्या कानात चांदी भरली. पुढे दवाखान्याचं नूतनीकरण झालं आणि नव्या फरशीला प्राणी शोभेना, तेव्हा डॉक्टरांनी पुढच्या डाव्या पायावर आपलं नाव घातलं आणि बोरिवलीच्या एका जुन्या पेशंट, प्रेमा राजे, यांच्या लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला तो देऊन टाकला. प्रेमाताईंनी गौरीच्या आरासीत त्याच्या अंगावर मखमली झूल घातली, चारी पायांत तोडे घातले, आणि तीन-चार गौरी झाल्यावर मागच्या उजव्या पायावर स्वतःचं नाव घालून तो आपल्या भाचीच्या लग्नात दिला. भाची रेवती. नवरामुलगा मिहिर टिपणीस.

पुढच्या पायावर टिपणीस लिहिलेलं दिसलं नाही का, असं प्रेमाताईंना पुढे विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, दिसलं की, पण टिपणीस काय एकच असतात?

लग्नाच्या हॉलमध्ये भेटींच्या टेबलावर जिलेटिनच्या कागदातून दोन लांब कान वर आलेले अण्णांनी पाहिले. त्यांनी नीलाताईंकडे पाहिलं. नीलाताई अक्षतांचं ताट खाली ठेवून म्हणाल्या, “आला.” त्यावर दोघंही काही बोलले नाहीत. बोलले असते तर तो आधी गेला कसा, हे नव्या व्याह्यांना सांगावं लागलं असतं.

परत आलेल्या वस्तूचा एक फायदा असतो. ती कधी गेलीच नव्हती असं म्हणता येतं. खरात वारले, तेव्हा शाळेतल्या शोकसभेत अण्णांनी डोळ्यांना रुमाल लावून सांगितलं, की शिवदासने मला स्वहस्ते दिलेली कलाकृती मी आजवर जिवापाड जपली आहे. पहिल्या रांगेत खरातांच्या पत्नी शकुताई बसल्या होत्या. त्यांनी मान हलवली. ती कशासाठी हलवली, हे अण्णांना कळलं नाही आणि त्यांनी कळून घेतलं नाही.

एवढ्यावर हे निभावून गेलं असतं. पण दोन वर्षांपूर्वी खरातांची एक बकरी लिलावात विकली गेली. किमतीचा आकडा पेपरात आला आणि ज्या शहराने खरातांच्या हयातीत त्यांच्याकडून फक्त गॅदरिंगचे पडदे रंगवून घेतले होते, त्या शहराला ते आधुनिक भारतीय शिल्पकलेतलं दुर्लक्षित नाव असल्याची आठवण झाली. दुर्लक्ष कुणी केलं होतं ते पेपरात नव्हतं. अण्णांनी ज्येष्ठ नागरिक संघात ‘शिवदास खरात : माणूस आणि कलावंत’ या विषयावर भाषण दिलं. भांडुपहून मागणी आल्यामुळे तेच तिकडेही दिलं. दोन्हीकडे जिवापाड हा शब्द होता.

आणि मग रेवती एक दिवस शोकेससमोर फतकल मारून बसली. घर दोन खोल्यांचं. स्वरदा, म्हणजे अण्णांची नात, दहावीचा अभ्यास स्वयंपाकघरात फ्रिजच्या आडोशाला करायची आणि कुकरच्या शिट्ट्यांवर धडे मोजायची. पोरीला दार लावता येईल अशी एक खोली, एवढंच रेवतीला हवं होतं. गाढव तिच्या माहेरून आलं होतं, तेव्हा ते तिचं. अण्णांना ते खुद्द कलाकाराने दिलं होतं, तेव्हा ते अण्णांचं. कुणाचं का असेना, विकायचं, असं ठरलं. नीलाताईंची अट एकच होती : बिल्डिंगमध्ये लिलाव हा शब्द उच्चारायचा नाही. लोकांना वाटेल बँकेने जप्ती आणली.

लिलाव करणाऱ्या कंपनीकडून शर्मिष्ठा नावाच्या बाई आल्या. पस्तिशीच्या, पांढरा सुती कुडता, गळ्यात दगडासारखं काहीतरी, जे दगडच होतं. इतक्या लांब आपण पहिल्यांदाच येतोय असं त्या लिफ्टमध्येच म्हणाल्या. त्यांनी हातमोजे घातले, प्राण्याला डायनिंग टेबलावर टॉवेल अंथरून आडवा केला आणि टॉर्च लावून एकेक पाय वाचला. अण्णा बाल्कनीत जाऊन तुळशीला पाणी घालू लागले. तुळशीला सकाळी घातलं होतं.

शर्मिष्ठाबाईंना मात्र हर्ष झाला. वस्तू कलाकाराच्या हातून निघाल्यापासून कुणाकुणाकडे होती, याचा सलग पुरावा लागतो, आणि तो जमवताना त्यांच्या कंपनीची दमछाक होते, असं त्यांनी सांगितलं. इथे तो पायांवरच कोरलेला होता. आता फक्त प्रत्येक घराने एक पत्र द्यायचं : आम्हाला ही भेट अमुक यांच्याकडून मिळाली आणि आम्ही ती तमुक यांना दिली. शिवाय खरातांच्या पत्नीचं, हे काम त्यांचंच असल्याचं प्रमाणपत्र. तोवर प्राण्याला हात लावायचा नाही. पुसायचंसुद्धा नाही. एक ओरखडा वाढला तरी किंमत पडेल.

आलेली भेट आपण पुढे सरकवली, हे सहीनिशी लिहून देणारा माणूस बोरिवली ते मुलुंड या पट्ट्यात सापडणं सोपं नाही. रेवतीने फोन लावले. डॉ. मुळे म्हणाले की माझ्या दवाखान्यात प्राणी ठेवायची पद्धतच नव्हती. प्रेमामावशी म्हणाल्या, “आमच्याकडे आलेली वस्तू आम्ही कुणाला देत नाही हं. तुझ्या लग्नातली परातसुद्धा मी दुकानातून आणली होती.” परात दिली नव्हतीस, हा प्राणी दिला होतास, अशी रेवतीने आठवण करून दिली. त्यावर त्यांनी फोन प्रेशरची गोळी घ्यायची म्हणून ठेवला.

मग शर्मिष्ठाबाईंनी छापायच्या कॅटलॉगचा मजकूर नमुन्यादाखल पाठवला. त्यात ‘खासगी संग्रह, घाटकोपर’ आणि ‘खासगी संग्रह, बोरिवली’ असे शब्द होते. रेवतीने ते दोघांना व्हॉट्सॲप केले. तासाभरात प्रेमामावशींचा फोन आला की प्राणी त्यांच्याकडे फार रमला होता आणि संग्राहक म्हणून त्यांचं नाव प्रेमलता असं पूर्ण छापावं. डॉक्टरांनी कानातल्या चांदीचा उल्लेख व्हावा आणि जमल्यास खाली दवाखान्याची वेळ यावी असं सुचवलं. दोघांच्या सह्या आल्या. अण्णांचं पत्र तेवढं राहिलं. त्यांनी चार मसुदे केले. चौथ्यात असं होतं, की सदर कलाकृती काही काळ रसिकांच्या लाभार्थ अन्यत्र ठेवण्यात आली होती.

याच सुमारास दिल्लीच्या एका समीक्षकाचा लेख आला. शर्मिष्ठाबाईंनी तो कॅटलॉगसाठी मागवला होता आणि त्याचं शीर्षक होतं ‘गाढवाचं ओझं’. आखूड पाय हे शतकांच्या भाराने खचलेले आहेत, असं त्यात होतं. चांदी भरलेला डावा कान म्हणजे ज्याचं कधी ऐकून घेतलं गेलं नाही अशा समाजाची जखम. खरात कुठल्या समाजातून आले, त्यांचं मराठवाड्यातलं गाव केवढं आणि तिथे काय काय नव्हतं, याला दोन पानं दिली होती. लेख इंग्रजीत होता. अण्णांनी डिक्शनरी घेऊन तो वाचला. आयुष्यभर आपण एकटेच ज्याला गाढव समजत होतो त्याला आता अख्खा देश गाढव समजणार, याचं त्यांना समाधान वाटायला हवं होतं. त्या दिवशी ते जेवले नाहीत. कुणीतरी कॅटलॉग वाचेल, पायावरचं नाव वाचेल, वास्तुशांत आणि बढती यांची सालं ताडून पाहील, आणि शोकसभेतला रुमालही कुणाला तरी आठवेल. ते कुणीतरी म्हणजे शकुताई, हे त्यांना माहीत होतं.

शकुताई शनिवारी दुपारी विक्रोळीहून रिक्षाने आल्या. कन्नमवार नगरात एकट्या राहतात. पालिकेच्या दवाखान्यात नर्स होत्या. सुपारी कातरावी तसं बोलतात. दारात त्यांनी ‘जयभीम’ म्हटलं आणि अण्णांनी ‘या, या’ म्हटलं. इतकी वर्षं हे असंच चालत आलं होतं. शर्मिष्ठाबाई आधीच येऊन बसल्या होत्या, समोर लेखाची प्रिंट, प्रमाणपत्राचा कागद आणि शाईचं पेन मांडून.

नीलाताईंनी पोहे दिले. शकुताईंनी ते संपवले, हात धुतले, आणि सरळ शोकेसपाशी जाऊन प्राण्याला दोन्ही हातांनी उचलून टेबलावर आणलं. हातमोजे, मॅम, असं शर्मिष्ठाबाई म्हणेपर्यंत त्यांनी त्याला उताणा केला होता. पाय खिडकीकडे करून, केसपेपर वाचावा तसा एकेक पाय त्यांनी मोठ्याने वाचला. टिपणीस. मुळे. राजे. चौथा पाय कोरा होता.

“बराच फिरला की,” त्या म्हणाल्या.

अण्णांनी ‘रसिकांच्या लाभार्थ’ असं म्हणायला तोंड उघडलं, पण ते शब्द कागदावर जेवढे बरे दिसत होते तेवढे तोंडात येईनात.

“वहिनी, मी तो महिन्याभरात देऊन टाकला होता,” ते म्हणाले. “शोकसभेत मी खोटं बोललो.”

“ठाऊक आहे. ह्यांची दाढ दुखत होती तेव्हा गेले होते ना त्या डॉक्टरकडं. तिथं दिसला.”

“मग? काय म्हणाला?”

“काय म्हणणार, दाढ काढली होती. तोंडात कापूस.” शकुताईंनी चहाचा घोट घेतला. “दुसऱ्या दिवशी म्हणाले, सरांनी बरं केलं, घरात कोण बघतंय. इथं रोज वीस माणसं बघतात. मग उगाच दात साफ करायला जायचे अधूनमधून.”

अण्णांचे कान लाल झाले होते. जो प्रश्न त्यांनी मधल्या सुट्टीत, निरोप समारंभात आणि हॉस्पिटलातल्या खाटेशेजारीही विचारला नव्हता, तो त्यांनी आता, दिल्लीच्या लेखावर हात ठेवून विचारला.

“वहिनी, मला त्यानं गाढव का दिलं?”

“गाढव कुठं आहे?”

अण्णांनी टेबलाकडे बोट केलं.

“हा घोडा आहे,” शकुताई म्हणाल्या.

नीलाताईंनी नवऱ्याकडे पाहिलं. चाळीस वर्षं जपून ठेवलेली ती नजर होती.

मग शकुताईंनी सांगितलं ते असं. खरातांना लग्नात घोडा हवा होता. नवरदेव म्हणून गावातून घोड्यावर बसून जायची फार हौस. गावाने बसू दिलं नाही. तुमच्यातल्यांना घोडा शोभत नाही, म्हणाले. लग्न पायी झालं. मुंबईला आल्यावर खरात म्हणाले, आता मीच करतो घोडा. पण घोडा कधी जवळून बघायला मिळाला नव्हता, त्यामुळे कान अंदाजाने केले. पाय नीट होणार होते, पण कारखान्यात त्या दिवशी मोठ्या तोट्यांची ऑर्डर होती आणि धातू कमी पडला. अण्णांना बढती मिळाल्याचं कळलं तेव्हा खरात घरी येऊन म्हणाले, डब्यातला माणूस मोठा झाला, याची मिरवणूक निघायला पाहिजे. मिरवणूक कोण काढणार, निदान घोडा तरी देऊ. आणि तो एकच घोडा होता तो देऊन आले. त्यानंतर बकऱ्या केल्या, कुत्री केली. घोडा पुन्हा केला नाही.

अण्णा खाली बसले. खुर्ची मागे होती हे बरं झालं.

शर्मिष्ठाबाईंनी घसा साफ केला. त्या चांगल्या बाई होत्या आणि त्यांना खरोखर वाईट वाटत होतं, पण लेख छापायला गेला होता. त्यांनी समजावून सांगितलं, की घोडे मार्केटमध्ये पुष्कळ आहेत, मोठमोठ्या नावांचे आहेत, आणि त्यांच्याशेजारी हा घोडा जरा कच्चा दिसेल. गाढव म्हणून मात्र तो अद्वितीय आहे. कलेत कलाकाराच्या हेतूपेक्षा वाचन महत्त्वाचं असतं. आणि मॅम, खरं सांगू का, त्या म्हणाल्या, “घोडा त्यांच्या बॅकग्राउंडला तितका सूट होत नाही.”

“गावातबी हेच म्हणाले होते,” शकुताई म्हणाल्या.

त्यांनी प्रमाणपत्राचा कागद वाचला, ‘गाढव’ या शब्दावर बोट ठेवून इथं घोडा करून आणा, मग सही देते, असं सांगितलं, आणि पिशवी उचलली. शर्मिष्ठाबाईंनी ‘शीर्षकाविना, चतुष्पाद’ असा मधला मार्ग सुचवला. शकुताई म्हणाल्या, चार पाय आहेत ते दिसतंय. निघताना त्यांनी प्राण्याच्या चांदीच्या कानाला बोट लावलं आणि डॉक्टरांचं काम चांगलं आहे म्हणाल्या.

संध्याकाळी ईमेल आला. शकुताईंच्या सहीवाचूनही चालेल, कंपनीच्या वकिलांनी पाहिलंय. भेट ज्यांनी प्रत्यक्ष स्वीकारली त्या टिपणीस सरांनी एवढंच लिहून द्यावं, की कलाकृती हाती आली तेव्हा त्यांनी ती गाढव म्हणून स्वीकारली. त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. गेल्या कित्येक वर्षांत अण्णांकडे कुणी इतकं खरं विधान मागितलं नव्हतं.

रेवतीने प्रिंट काढून ती टेबलावर ठेवली. कागद उडू नये म्हणून वर पेन ठेवलं. मिहिर म्हणाला, अण्णा, तुम्हाला योग्य वाटेल ते करा, आणि असं म्हणून आतल्या खोलीत गेला, जिला दार नव्हतं. फ्रिजच्या आडून स्वरदाचा पाठांतराचा आवाज येत होता. अण्णांनी पेन उचललं, टोपण काढलं, बराच वेळ कागदाकडे पाहिलं आणि टोपण परत लावलं.

सकाळी नीलाताईंनी भाजीला जायची चाकांची पिशवी शोधली तर ती नव्हती. शोकेसच्या खालच्या खणात टी-सेटमधली एक बशी ठेवलेली होती, जागा रिकामी दिसू नये म्हणून.

स्टेशनजवळच्या भांड्यांच्या दुकानात गर्दी नव्हती. गल्ल्यावर विकी होता, मालकाचा जावई, चाळिशीचा, कपाळावर चष्मा चढवलेला. दोन चकाकणारे स्टीलचे डबे त्याच्यासमोर नावासाठी थांबले होते. अण्णांनी पिशवीची चेन उघडली आणि प्राणी काउंटरवर ठेवला. विकीने त्याला फिरवून पाहिलं, पायांवरची नावं वाचली. पहिल्या पायावरचं काम आपल्या सासऱ्यांच्या हातचं आहे, ‘टिप’मधला ट बघा, असं म्हणाला.

“मागचा डावा पाय,” अण्णा म्हणाले. “लिहा. घोडा. खाली, श्री. शिवदास खरात यांजकडून श्री. टिपणीस यांस सप्रेम भेट.”

विकीने मशीन लावलं आणि थांबला. “काका, गाढव आहे ना हे?”

“घोडा आहे.”

“तुम्ही म्हणता तर घोडा.” तो पायाचं माप घेऊ लागला. “कुणाला द्यायचाय?”

“कुणाला नाही. घरी न्यायचाय.”

“घरच्याच वस्तूवर सप्रेम भेट?”

अण्णांच्या खिशात फोन वाजला. रेवतीचा होता. बशी तिला सापडली असावी. अण्णांनी तो वाजू दिला. कदाचित लिलाववाले आणखी एक ओरखडा निघाला म्हणून माल नाकारतील, कदाचित दिल्लीचा समीक्षक या ओरखड्यावरही दोन पानं लिहील. स्वरदाच्या खोलीचं काय करायचं, हे त्यांना घरी जाऊन बोलावं लागणार होतं, आणि रेवतीच्या तोंडाकडे बघून बोलावं लागणार होतं. शोकेस काढलं तर कोपऱ्यात एका टेबलाची आणि एका पडद्याची जागा होत होती, इतपत भूगोल त्यांनी रिक्षात करून ठेवला होता. घोडा मग फ्रिजवर राहिला असता. तिथून तो घरात येणाऱ्या प्रत्येकाला दिसला असता, चारी पायांनी.

“काका, बसत नाही हो,” विकी म्हणाला. “पाय आखूड आहे.”

“धातू कमी पडला होता.”

“मग काहीतरी कापावं लागेल. ‘सप्रेम’ काढू?”

“‘सप्रेम’ राहू द्या,” अण्णा म्हणाले. “माझ्या नावामागचं ‘श्री.’ काढा.”

विकीने चष्मा कपाळावरून नाकावर घेतला, घोडा कुशीवर आडवा केला, आणि मशीन टर्रर्र करत चौथ्या पायाला लागलं.